पुष्पाबाईंचे तळवे

धुळ्याला पायांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी शिरपूरकडचे नवलआबा आणि त्यांच्या पत्नी पुष्पाबाई. शुगरने बाईंचे पाय बधिर झालेले. नुकतीच पट्टी बदलून दोघं औषधासाठी थांबली होती.

“खिळा रुतला अन् तुला पत्ता नाही. फरशीवर रक्त दिसलं, तेव्हा सून ओरडली.”

“कळलं ना आता.”

“रोज कोणीतरी तळवे पाहायचे, नाहीतर पाय कापावा लागेल, असं बोलले डॉक्टर.”

“सून पाहील.”

“ती चालली नाशिकला. मी पाहतो.”

“तुम्ही? नवऱ्याने बायकोचे पाय धरायचे? पाप शे ते.”

“डॉक्टरांनी धरले की आत्ता.”

“त्यांचा धंदाच तो. तुमच्या तर बठ्ठं गाव पाया पडतं, लहानथोर सगळे.”

“अन् पाय गेल्यावर तुला कडेवर घेऊन फिरलो, तर गाव काय म्हणेल?”

बाईंनी पदर सारखा केला.

“दार लावून घ्यायचं मग.”

“घेईन.”

“अन् चष्मा लावून पाहायचं. नुसता हात फिरवून ‘ठीक शे’ म्हणायचं नाही.”