चुलीकडं तोंड असलेलं बाकडं

(खोडाळ्याच्या रस्त्याला लागून कोंडीचं घर, घराच्या पुढच्या खोलीत चहाचं दुकान. कोंडी दारात बसली आहे. विधवा सून योगिता अंगणात काठीनं रेघा ओढते आहे.)

कोंडी : आणि हे मधी काय वढलंस?

योगिता : बाकडी, आई. ह्या चार कोपऱ्यांना मांडवाच्या मेढी. वर बांबू नि पेंढा. पत्रा तापतो, गिऱ्हाईक चहा पिऊन पळतं.

कोंडी : पळू दे. दुसरं येल.

योगिता : बसलं तर भजी मागतं. धबधबा बघायला येणारे गाडीतून उतरतात, कुठं टेकावं कळत नाही, नि पुढच्या हॉटेलात जातात. कारवीचा कुड गुडघ्याएवढाच घालू, म्हणजे बसल्या जागी डोंगर दिसेल.

कोंडी : बांबू चांदण्याच्या दिसांत नको तोडू. भुंगा लागतो, पीठ पडत ऱ्हातं चहात.

योगिता : शेजारचा जगनदादा अवसेला तोडून देतोय. बोलले त्याला.

कोंडी : मंगेश नुसताच बोलायचा. मांडव टाकू, मांडव टाकू. पोरगा गेला, बोलणं हितंच ऱ्हायलं.

योगिता : म्हणून तर करून जाते.

कोंडी : जाते म्हण, जाते. सारखं ऐकलं म्हंजी सवय व्हईल मला.

योगिता : पाट लाव, असं तूच म्हणालीस. सूर्यमाळच्या हरेशला हो पण तूच म्हणालीस.

कोंडी : म्हणले. तरणी हायेस, म्हातारीपाशी किती दिस काढशील? पण म्हणायला सोपं गेलं गं. आता घास उतरत नाय.

योगिता : त्याला नाही म्हणून सांगू का?

कोंडी : येडी का तू. चांगला माणूस हाय. पुढं सांग. ती तीन बाकडी डोंगराकडं, कळलं. हे चौथं उलटं का? ह्याचं तोंड दारातनं माझ्या चुलीकडं. गिऱ्हाइकाला काय माझं थोबाड बघायचंय?

योगिता : ते गिऱ्हाइकाला नाही.

कोंडी : मग?

योगिता : मला.

कोंडी : असं काय बोलतेस?

योगिता : दुसरा पाट लागला की पहिल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आपल्या भावकीची रीत आहे ना?

कोंडी : हाय. लाडकी, माझी जाव, ती अशीच गेली. एकदा आली, रस्त्यावर उभ्यानं पाणी पिली नि गेली.

योगिता : मला उभ्यानं नाही प्यायचं. बाजाराला आले की इथं बसेन. तू चूल फुंकताना दिसशील. तेवढं पुरेल.

कोंडी : तुला पुरंल. मला नाय पुरायचं.

योगिता : रडू नको, आई.

कोंडी : रडू दे. पोटची नायस, तरी येतंय रडू, काय करू मी?

योगिता : माझ्यापायी भावकीशी भांडू नको. तुला इथंच राहायचंय.

कोंडी : भांडत नाय. उंबरा ऱ्हाऊ दे जिथं हाय तिथं. ती काठी दे हिकडं.

योगिता : काय करतेस? मेढीची खूण पुसली तू.

कोंडी : चूल हितं मांडू. अंगणात.

योगिता : पेंढ्याखाली जाळ? सगळा मांडव पेटेल.

कोंडी : तेवढ्यावर पत्रा टाक.

योगिता : पावसात इथून लोंढा वाहतो.

कोंडी : मग ओटा उंच बांध. वारा कुठनं येतो ते तुला ठावं हाय, तिकडं कुड घाल उंच. नि तुझं ते बाकडं पूस.

योगिता : मग मी आल्यावर कुठं बसू?

कोंडी : बसतेस कशाला? तू चहा टाक, मी बसन.