छतरीची सावली

थांबा भाऊ, ती पक्कड खिशात ठेवा जरा — नाही, खालून काही निरोप नाही, मीच आली, कपडे वाळू घालायच्या बहाण्यानं. पाहा, बकेटीत एकच टॉवेल आहे आणि तोबी कोरडा. मी प्रणाली, पहिल्या माळ्यावरच्या देवकाबाईंची सून. लग्नाले तीन महिने झाले. ‘सून मोठी गरीब, तोंडातून शब्द निघत नाही’ असं सासूबाई अख्ख्या पांढुर्ण्यात सांगून राहिल्या ना, ते मीच.

तर ही टीव्हीची छतरी. सहा घरांत एकच — आणि मागच्या सोमवारी तुम्ही तिसऱ्या माळ्यावरच्या दोन नव्या घरांले तिची वायर जोडून दिली, करुणाताईंच्या आणि त्यांच्या समोरच्या. बरोबर? आणि त्याच संध्याकाळपासून सगळ्यांच्या टीव्हीवर चौकडे पडून राहिले. जिन्यात मीटिंग झाली. मनोहरकाका म्हणाले, सहाचं पाणी आठ जणांत वाटलं तर नळाची धार बारीक होणारच, वरची वायर कापा. सगळ्यांले पटलं. मलेबी पटलं असतं, मी सायन्सवाली आहे, सौसरच्या कॉलेजातली, पहिली श्रेणी — पण काय करता, छतरी मी फिरवली होती ना.

हसू नका. त्या सोमवारी सासरी माझ्या हातच्या पहिल्या कुरड्या होत्या. इथंच, या गच्चीवर, साडी अंथरून घातल्या. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या होत्या, कुरडीवर सावली पडू देऊ नको, लाल पडते. आणि सावली कोणाची पडून राहिली? हिची. आता शहाण्या बाईनं साडी सरकवली असती. मी छतरी सरकवली — रांजण सरकवावा तशी, दोन्ही हातांनी धरून. नट तुम्हीच ढिला सोडून गेले होते, पण जाऊ द्या, मी कुठं बोलणार नाही, बोलतच नाही मी. चार वाजता कुरड्या उचलल्या आणि तिले होती तशी ठेवून दिली. म्हणजे अंदाजानं. तोंड जामसांवलीच्या मारुतीकडं केलं, म्हटलं पुढचं तो पाहून घेईन.

तेव्हाच काहून नाही सांगितलं? सांगणारच होती. शब्द जुळवून ठेवले होते. पण टीव्ही बंद म्हणून आई स्वयंपाकघरात येऊन बसल्या — तीन महिन्यांत पहिल्यांदा — आणि विचारून राहिल्या, तुमच्या माहेरी, रामाकोन्याले, बोरं अजून लागतात का गं. दुसऱ्या दिवशी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शाळेतले किस्से सांगितले. तिसऱ्या दिवशी आमचे हे म्हणाले, भेंडी मस्त झाली आज. भेंडी तीन महिन्यांपासून तीच आहे, भाऊ. म्हटलं अजून एक दिवस राहू द्यावं. मग अजून एक. आज आठवा.

पण काल करुणाताईंच्या आईले, लीलाबाईंले, कुरड्या द्यायले गेली. पाय मोडलाय त्यांचा, पलंगावरच असतात, करुणाताई ड्युटीवर गेल्या का टीव्हीच काय ती सोबत. तर मलेच म्हणतात, पोरी, आमच्या पायी सगळ्यांचं बिघडलं, खाली सांग, काढून टाका म्हणा आमची वायर. आणि मी काय केलं? मान हलवली. गरीब सून ना. वर डबा देऊन म्हटलं, तळताना तेल चांगलं तापू द्या. इतकं बोलता येते मले.

तर असं करा — वायर कापू नका, छतरी तेवढी जागेवर आणा आणि खाली सांगा, हवेनं फिरली होती. माझं नाव कुठं येऊ देऊ नका. हाव ना? बोला की काही. मघापासून मीच बोलून राहिली.

खिशाकडं काय दाखवता? फोन? तो चालू आहे? हाव, असणारच — वर तुम्ही हात लावायचा आणि खालच्यानं टीव्हीसमोर बसून ‘आलं, गेलं’ सांगायचं, तुमच्या कामाची रीतच ती. पण खाली लावला कोणाच्या घरी?

आमच्या.

आई… तुम्हीच आहे का? कधीपासून? … बकेटीपासून.

बरं. इतकं ऐकलंच आहे तर अजून एक ऐका. वरची वायर राहीन.

फिरवा भाऊ. पाहून काय राहिले माझ्याकडं.