तीन टाचा

हेमांगी : चावी टेबलावर ठेवू नका, पितांबर नाना. आधी बसा. एरंडोलहून उभ्यानेच आलात ना एसटीत?

पितांबर : बसाले नही ऊनू, ताई. चावी ल्या. शाळामांगनी त्या खोलीनी राखण मनाकडथीन व्हणार नही आते.

हेमांगी : बारा वर्षं भूकंपाचं यंत्र सांभाळलंत तुम्ही. आता काय झालं?

पितांबर : बुधवारे जमीन हालनी आशी माले वाटनं. शाळानी घंटा वाजाडी, बठ्ठा पोऱ्या मैदानमा काढ्यात, तुमले फोन करा. मंग तुमना जळगावना कागद ऊना, 'अकरा वीसला काहीही नोंद नाही.'

हेमांगी : तो कागद मीच पाठवला. फाइल बघूनच लिहिला.

पितांबर : बराबर शे. मशीन काय लबाड बोलस का? गाव म्हणस, नानाना डोकामाच भूकंप व्हयना. हासोत. पन मनी बायको मंजुळाबाई हासत नही. ती माले आते गॅस पेटाडू देत नही. मना बापले बी आसंच व्हयेल व्हतं. आखरीले त्यानी मालेच वळखं नही.

हेमांगी : असं मनात आणू नका. तुमच्यासमोर परत बघते. हा बुधवार. हे अकरा वीस. सरळ रेघ आहे, नाना.

पितांबर : दखं ना?

हेमांगी : थांबा. त्या दिवशी सकाळी टाचा आपटल्या होत्या का तुम्ही?

पितांबर : आठ वाजता, रोज. खोली झाडी का मशीनजोडे तीन टाचा मारस. मशीन जागं शे का नही, ते तुमले आठे जळगावमा समजाले पाहिजे ना. पहिला साहेबनी शिकाडेल शे.

हेमांगी : आठला इथे काहीच दिसत नाही.

पितांबर : नही?

हेमांगी : नाही, नाना.

पितांबर : मंग ते बी माले वाटनंच व्हई. चावी ल्या, ताई. माले साडेतीननी गाडी सापडाले पाहिजे.

हेमांगी : एक मिनिट. मग या तीन कोणाच्या? ठक, ठक, जरा थांबून ठक.

पितांबर : तिसरीले टोंगया दुखस मना. दम खावा लागस.

हेमांगी : गुडघ्याचं कळलं, पण फाइलमध्ये पहाटेचे अडीच वाजलेत.

पितांबर : आडीचले मी तठे काय करू? खोलीले कुलूप, चावी मंजुळाबाईना उशीखाले.

हेमांगी : अडीच आणि आठ. साडेपाच तास. नाना, मला माफ करा.

पितांबर : काय व्हयनं?

हेमांगी : हे यंत्र विलायतेच्या वेळेवर चालतं. आपले सकाळचे आठ, तेव्हा त्याचे अडीच. साडेपाच तास मिळवायचे असतात. जुना संगणक ते आपोआप मिळवायचा. मागच्या सोमवारी नवा आला, तो मिळवत नाही, आणि मी बघितलंच नाही. मी बघत होते ते आपले दुपारचे चार पन्नास.

पितांबर : मंग मना अकरा वीस कोठे शेतस?

हेमांगी : पाच पन्नासला. सरकवते.

(पितांबर पडद्यावर बोट ठेवतो.)

पितांबर : हाई काय शे?

हेमांगी : आधी ही बारीक थरथर. मग चार सेकंदांनी हा मोठा हेलकावा.

पितांबर : पहिले पत्रा वाजना. मंग पाय सरकनात.

हेमांगी : अगदी तसंच. छोटाच होता, पण भूकंपच होता. गावाला आजच दुसरा कागद पाठवते. चूक माझी होती, हेही लिहिते त्यात.

पितांबर : साहेब तुले बोली ना मंग?

हेमांगी : बोलू देत. पाच दिवस तुम्ही ऐकून घेतलंत माझ्यापायी.

पितांबर : रडू नको, माय. नवं आवजार हातमा बसालोंग मानूस चुकसच. आन ती चावी इकडे. उद्या आठले टाचा कोन मारी?

हेमांगी : घ्या. कागद संध्याकाळपर्यंत पोस्टात टाकते.

पितांबर : गावना कागद पोस्टथीन धाड. एक माले आतेच दे. मंजुळाबाईना हातमा ठेवसू, आन आजना चहा मी करसू.