‘पाहिजे’ कुणी खोडलं

(कॅनडातलं स्कारबरो. नाथन किहीमकरांचं स्वयंपाकघर, रविवारची दुपार. मुलगी शेली मॉन्ट्रियलहून नुकतीच परतली आहे.)

शेली : नको पप्पा, खरंच नको. घास उतरणार नाही.

नाथन : मीटिंग चांगली झाली म्हणालीस ना फोनवर?

शेली : झालीच की. आमचं म्हणणं पास झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला किळस आली, माझीच.

नाथन : नीट सांग. मला एवढंच ठाऊक, सगळ्या देशांतल्या कंपन्यांसाठी सामाजिक जबाबदारीचा एकच नियम लिहिताहेत, आणि तुमच्या खाण कंपनीने तुला त्या कमिटीवर धाडलंय.

शेली : मसुद्यात एक वाक्य होतं. ‘खाणीचं पाणी विहिरींत उतरलं, तर कंपनीने चोवीस तासांत गावाला कळवलं पाहिजे.’ ग्रेग, माझा बॉस, म्हणाला, ‘पाहिजे’ काढून टाक. मी उभी राहिले, म्हटलं, प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी असते. आता तिथे आहे, ‘कळवल्यास उत्तम.’

नाथन : उत्तम?

शेली : उत्तम.

नाथन : आणि इथे कॅनडात, सस्काटूनजवळ तुमच्या खाणीचं सांडपाण्याचं तळं गळलं तेव्हा?

शेली : संध्याकाळच्या आत घरोघर बाटल्यांचं पाणी. इथे कायदा आहे, पप्पा. तिकडे परदेशातल्या आमच्या खाणीचं पाणी विहिरींत उतरलं, तर अकरा आठवडे कुणी तोंड उघडलं नाही. मी गेले होते ना मार्चमध्ये, कंपनीने शाळा रंगवली त्याचे फोटो काढायला? एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. विहिरीवर भांडी घासायची. हात कोपरापर्यंत सोललेले.

नाथन : हे आलं तुझ्या रिपोर्टात?

शेली : ती कव्हरवर आहे. हसतेय. हात क्रॉप केले. मीच केले.

नाथन : शी! शी, शेली.

शेली : बोला अजून.

नाथन : काय बोलू? एकतीस वर्षं बॉयलर तपासले मी, मुंबईला नि इथे. बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा कुठे नियम झाले. त्यात ‘उत्तम’बित्तम नव्हतं. पण पुस्तकाला कुठला मालक भीत नसे. मी लाल टॅग लावला की बॉयलर बंद, म्हणून भीत. तुमच्या कमिटीत तो टॅग कुणाच्या हातात?

शेली : कुणाच्याच नाही. वाटलं तर पाळा. म्हणून मी स्वतःची समजूत घातली, एका शब्दाने काय होतंय!

नाथन : काही होत नसतं, तर ग्रेगने तुला कशाला धाडलं असतं?

शेली : मसुदा शुक्रवारपर्यंत खुला आहे. कुणीही हरकत घेऊ शकतं. ट्रेनमध्ये लिहून ठेवलीय. ‘पाहिजे’ परत घाला. ते कुणी काढायला लावलं, का, सगळं लिहिलंय. तो फोटो नाही जोडला. त्या पोरीला परत नाही वापरायचं.

नाथन : खाली नाव?

शेली : निनावीसुद्धा घेतात.

नाथन : हं.

शेली : नोकरी जाईल, पप्पा. या लाइनमध्ये मला कुणी दारात उभं करणार नाही.

नाथन : नाही करणार.

शेली : तुम्ही काय केलं असतं?

नाथन : माझ्या टॅगवर सही करावीच लागे. रीतच होती तशी, त्यात माझी हिंमत कसली? तुला कुणी भाग पाडत नाहीये. तुझं जास्त कठीण आहे, बाय.

शेली : हे बघा, खाली नाव घातलं: शेली नाथन किहीमकर. पाठवली हरकत.

नाथन : आता ग्रेगला फोन कर. दुसऱ्याकडून कळायला नको त्याला.

शेली : आत्ता? रविवारी?

नाथन : आत्ता. मी इथेच बसतो.