समईच्या बाजूचा कौल

काशिराम : ...गोदू गेली म्हणून दवाखान्यातून फोन आला ना, त्या दिवसापासून मी या देवळाची पायरी चढलो नाय. आठ महिने झाले. आज तू ओढलंस म्हणून आलो.

मालू : माझी सख्खी बहीण गेली, भावजी. मी नाय रुसले देवीवर.

काशिराम : तुला फसवलं नाय तिनं. मला फसवलं.

मालू : भांडण नंतर करा. झकेरियाभाय बाहेर रिक्षा घेऊन उभा हाय. अकरा वाजता पनवेलला बोलावलंय. देवीनं कौल दिला तरच मोतीबिंदू काढीन, असं तुमीच म्हणालात. उजवा कौल म्हणजे हो, डावा म्हणजे नाय. लावा पाकळी.

काशिराम : काय एवढी घाई हाय? दिसतं मला.

मालू : काल उलव्याची बस म्हणून पाण्याच्या टँकरला हात केलात.

काशिराम : थांबला ना पण तो!

मालू : तुमच्या मनस्वीची पोर चार महिन्यांची झाली. नातीचं तोंड बघितलंत?

काशिराम : बघितलं तर. गोल हाय. पांढरं हाय. भाकरीसारखं.

मालू : नाक कोणासारखं हाय?

काशिराम : ...भाकरीला नाक कुठं असतं?

मालू : लावा पाकळी.

काशिराम : लावली मूर्तीला. आई, डोळ्याचं ऑपरेशन करू का नको करू, तू सांग. मला काय घाई नाय. सावकाश सांग.

मालू : पाणी किती लावलंत? पोस्टाचं तिकीट चिकटवताय काय? अशी तर ती दिवाळीपर्यंत पडणार नाय. पुसा. दुसरी लावा.

झकेरिया : काशिरामभाय! देवीशी करार करतोयस काय? मागं स्कूलबसवाला हॉर्न देतोय!

काशिराम : देऊ दे! त्याला काय डोळ्यात सुई घालून घ्यायची नाय!

मालू : पडली! पडली, भावजी!

काशिराम : कुठं? मला तर सगळाच पिवळा उजेड दिसतोय.

मालू : खिडकीच्या बाजूला.

काशिराम : म्हणजे डावा! नाय म्हणाली! मी रुसलो तरी तिला माझी काळजी हाय. झकेरिया, रिक्षा वळव!

मालू : थांबा. डावा कसा?

काशिराम : हा बघ माझा डावा हात. ही खिडकी.

मालू : कौल तुमच्या हातानं बघतात काय? देवीच्या हातानं बघतात! ती तुमच्याकडं तोंड करून बसलीय. तिचा उजवा खिडकीकडं, डावा समईकडं. तिनं हो म्हटलंय.

झकेरिया : मी आत येत नाही, उंबऱ्यावरूनच बोलतो. इतकं तर मलाही ठाऊक आहे, यार. समोरून येणाऱ्याचा उजवा आपल्या डाव्या बाजूला असतो. तीस साल रिक्षा चालवतोय.

मालू : ताईबरोबर चौतीस वर्षं संसार केलात, आणि तुमाला कौल बघता येत नाय?

काशिराम : गोदू बघायची. मी डोळे मिटून हात जोडायचो. ती म्हणायची उजवा, मी म्हणायचो बरं. ...मालू.

मालू : आता काय?

काशिराम : त्या दिवशी समईकडं पडली होती.

मालू : कोणत्या दिवशी?

काशिराम : गोदू दवाखान्यात होती. गुरव लग्नाला गेलेला. मी एकटाच आलो इथं. विचारलं, गोदू घरी येईल का? पाकळी समईकडं पडली. मी म्हटलं, उजवा! आणि पळत सुटलो.

मालू : म्हणजे आईनं नाय म्हणून सांगितलं होतं.

काशिराम : खरं सांगितलं होतं. आणि मी आठ महिने तिला खोटारडी म्हणालो. नारळ बंद केला, तेल बंद केलं. सगळ्या कामोठ्यात सांगत फिरलो, आमच्या देवीचं काय खरं नाय.

झकेरिया : मलापण सांगितलंस. मी म्हटलं, तौबा, दुसऱ्याच्या घरातलं भांडण.

मालू : ताईला सांगितलात तो कौल?

काशिराम : मग? आधी तिलाच सांगितला. म्हटलं, गोदू, उजवा पडला, समईच्या बाजूला.

मालू : समईच्या बाजूला म्हणालात?

काशिराम : हो.

मालू : मग?

काशिराम : बघत राहिली माझ्याकडं. मग हसली. म्हणाली, आईच्या मनात हाय तसं होऊ दे. मालूनं बोंबलाचं कालवण दिलंय, घरी जा, गरम करून जेव.

मालू : भावजी, जन्मभर ताई कौल बघायची. समई देवीच्या कुठल्या हाताला हाय, ते तिला माहीत नव्हतं?

(काशिराम खाली बसतो.)

काशिराम : तिला कळलं होतं.

मालू : कळलं होतं.

काशिराम : आणि घाबरली नाय.

मालू : घाबरली असेल. पण तुमाला जेवायला पाठवलं.

झकेरिया : काशिरामभाय, आमच्या हलीमाला पण मोतीबिंदू काढताना भीती वाटली होती. अल्लाचं नाव घेतलं आणि गेली आत. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा मलाच बघितलं. म्हणते, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात? तेवढंच नुकसान झालं.

काशिराम : मला अजून भीती वाटतेय, मालू. कौल मिळाला तरी वाटतेय.

मालू : भीती जाईल असं कुठं म्हणाली आई? जा म्हणाली.

काशिराम : हां. हात दे. पायरी दिसत नाय. थांब, आधी आईची माफी मागतो.

मालू : उद्या मागा. नीट तोंडाकडं बघून मागा.

झकेरिया : बसा, बसा. सावकाश. डोकं सांभाळ. आता मागं काय बघतोयस, यार?

काशिराम : गोदू जेव म्हणाली आणि मी लगेच निघालो. म्हटलं, उद्या घरी आणल्यावर सगळं बोलू. ते बोलायचं राहिलंय.