लाल दोऱ्याची बाटली

मी, गल्लीत जिला सगळे काजवाली आजी म्हणतात ती, वय एकाहत्तर, एखादं वर्ष इकडेतिकडे, धंदा कपड्यांना काज-बटण करणे, शिक्षण दुसरी, तीही अर्धी, राहणार शिंप्याच्या दुकानावरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, सगळ्यात आधी आला तो प्रॉपर्टीवाला. ज्याला तुम्ही बाहेर बाकावर बसवलंय तोच. शूटिंगला लागणाऱ्या वस्तू जो जमवतो त्याला त्यांच्यात तसं म्हणतात. त्याच्या मागून सिनेमाचा दिग्दर्शक आला. त्याला सगळे दाढी म्हणतात. ही गोष्ट पाच महिन्यांपूर्वीची, मंगळवारची, सकाळी अकराच्या सुमाराची.

त्यांना आमची खोली गुंडांचा अड्डा म्हणून हवी होती. माझे यजमान खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "घ्या की, हिने अड्डाच करून ठेवलाय." सगळे हसले. मी चहा टाकला. चहा छान झाला होता. साहेब म्हणतात, चहाचं राहू द्या. राहू दे.

सिनेमा नशेच्या गोळीवर होता. पार्टीत पोरं ती घेतात आणि पटापट मरतात. गोळीचं नाव पाखरू. त्याच दुपारी शूटिंग सुरू झालं, तर त्यांनी आणलेल्या कॅप्सूल दिव्यांच्या उष्णतेने एकमेकींना चिकटल्या. दाढी डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात प्रॉपर्टीवाल्याला यजमानांच्या उशाशी हृदयाच्या औषधाची बाटली दिसली. अर्धी लाल, अर्धी पिवळी कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एकेक. तो लगेच खाली जाऊन तशीच नवी बाटली घेऊन आला, ती यजमानांना दिली आणि जुनी मागितली. मी जुनीतल्या कॅप्सूल एकेक उघडल्या, औषध मोरीत ओतलं आणि आत पिठीसाखर भरली. चाळीस भरल्या. एकही फुटली नाही. काजं करणाऱ्या बाईचा हात आहे हा. दाढी बघतच राहिला. म्हणाला, "आजी, खलनायकाचे हात तुमचेच घेतो." आणि घेतले.

शूटिंग झाल्यावर तेवीस कॅप्सूल उरल्या. त्या जुन्या बाटलीत भरून प्रॉपर्टीवाल्याने मला आठवण म्हणून दिल्या. दोन्ही बाटल्या सारख्या, आणि मला चिठ्ठी वाचता येत नाही, म्हणून साखरेच्या बाटलीच्या गळ्याला मी लाल दोरा बांधला आणि ती बटणांच्या डब्यात ठेवली. माझ्या लेकीने तुमच्याकडे आणून दिली ती हीच. गाठ बघा, काजाची आहे. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही.

सहा तारखेला, शुक्रवारी, दुपारच्या खेळाला आम्ही दोघं सिनेमा बघायला गेलो. सिनेमा अगदीच फुसका. खुनी कोण ते लपवायचं, तर पहिल्याच गाण्यात तो कोपऱ्यात उभा राहून गालात हसतो. मध्यंतरात निम्मं थिएटर घरी गेलं. मग माझे हात आले. एवढे मोठे, भिंतीएवढे. बोटं कॅप्सूल भरतायत, नखंसुद्धा स्वच्छ. मला रडू आलं. यजमान उठून उभे राहिले आणि ओरडले, "अहो, हे आमच्या हिचे हात! पन्नास वर्षं खातोय हिच्या हातचं, आधी मीच मरायला हवा होतो!" तीन तासांत लोक तेवढ्यालाच हसले. मागचा एक जण टाळी द्यायला पुढे आला. यजमानांनी दिली.

घरी येताना त्यांनी शिंप्याला सांगितलं. मग वाण्याला. मग जिन्यात लेकीला. मला म्हणाले, "दाखव गं तुझे पडद्यावरचे हात." मी दाखवले.

त्या संध्याकाळपासून मी त्यांना लाल दोऱ्याच्या बाटलीतली कॅप्सूल देऊ लागले. पाणी येईपर्यंत कॅप्सूल तोंडात घोळवायची त्यांना सवय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज गोड लागली." मी म्हटलं, "माझ्या हातची आहे ना." चौथ्या दिवशी म्हणाले, "धडधडतंय गं." मी विचारलं, "गोळी घेतलीत ना?" म्हणाले, "घेतली की." मी म्हटलं, "मग झालं तर." सातव्या दिवशी पाय सुजले. चप्पल जाईना, म्हणून डॉक्टरकडे जायचं राहिलं. पंधरा तारखेला, रविवारी, दुपारी पावणेदोनला ते वारले. तेव्हा मी शर्टाच्या कफाला बटण लावत होते. ते पुरं केलं आणि लेकीला हाक मारली.

बाटलीत पाच उरल्या असतील. मोजा. बरोबर ना?

सिनेमात पाखरू घेतलेला माणूस दहा मिनिटांत मरतो. ते खोटं आहे. नऊ दिवस लागतात. दाढीला हे मी सांगणार आहे.

साहेब विचारतात की, बाटल्यांची चुकून अदलाबदल झाली असं म्हणायचंय का. लेक दारातून खुणा करते आहे की हो म्हण. पण मग गाठ कशाला बांधली असती मी? आयुष्यात एक काज चुकलं नाही माझं. लेक म्हणते बाटली प्रॉपर्टीवाल्याने बदलली. तो तर त्या मंगळवारनंतर आमच्याकडे फिरकला नव्हता, थेट तेराव्याला आला, दाढीला घेऊन. बिचारा सकाळपासून बाकावर बसून रडतोय. त्याला सोडा. त्याची कामं खोळंबलीत.

हवालदार बाईंनी हे सगळं मला वाचून दाखवलं. मला ऐकायला आवडलं म्हणून दुसऱ्यांदाही वाचलं. मी बोलले तसंच उतरलंय, पदरचं काही नाही. अंगठा नको, सही येते मला. पहिला भाग पडला तरी दुसरा काढायचाय म्हणे, आणि त्यातही हात माझेच हवेत. दाढी आणि प्रॉपर्टीवाला दोघं येत्या बुधवारी सकाळी दहाला येतो म्हणालेत.