ड्रॉवरच्या बुडावरची पावती

नाही हो, "तेव्हा कधीतरी" नाही! सन दोन हजार अठरा, हिवाळा, जानेवारीची सोळा तारीख, मंगळवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं... तेव्हा आमची गाडी उभी राहिली ती उभीच राहिली. रेल्वे ऑफिसच्या त्या खिडकीवर मला पाच वेळा तारीख विचारली, पाचही वेळा मी हीच सांगितली, तरी सहाव्यांदा विचारतात, "नक्की ना काका?" नक्की ना म्हणजे? पन्नास वर्षं सुतारकाम केलं मी, केसाएवढा फरक पडला तर दार अडतं, आणि मी तारखेत चुकेन? पण वाद कोण घालणार. मी म्हटलं, बरं.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो.

तर लेकीकडे निघालो होतो. तिच्या ओट्याखालच्या कपाटाचे तीन ड्रॉवर करून नेत होतो, सुतळीने एकावर एक बांधून, मांडीवर घेऊन. दुपारी चारला येऊन बसवतो असा शब्द दिला होता. शब्द दिला म्हणजे दिला. आणि मधल्याच एका स्टेशनात गाडी थांबली. इंजिन बिघडलं, की रूळ, की माणसं, कोणी सांगेना. तासाभराने भोंग्यातून एक बाई बोलल्या, घरी चहाला बोलवावं इतक्या गोड आवाजात: "ही गाडी पुढे जाणार नाही. प्रवाशांनी आपापली सोय करावी. जादा खर्च परत मिळेल. कृपया पावती जपून ठेवावी."

आपापली सोय! कसली सोय? दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी, बस नाही, आणि बाहेर टॅक्सीवाला एकच, तोही असा निवांत बसलेला की जणू इंजिन त्यानेच बिघडवलंय. म्हणे, "अठराशे चाळीस."

"चाकं सोन्याची आहेत का रे?"

"नाही काका, रबराचीच आहेत. पण इथे दुसऱ्या कोणाची नाहीत."

मी म्हटलं, बरं.

खिशात सातशे. मनात बेत असा, की दारात उतरलो की लेकीला हळूच हाक मारायची, कमी पडतील ते तिच्याकडून घ्यायचे, बापलेकीतली गोष्ट, तिसऱ्याला कळायचं कारण नाही. पण दारात उभा कोण? जावई! ऑफिसातून रजा काढून! मी ड्रॉवर खाली ठेवतोय तोवर यांनी पाकीट काढून, नोटा मोजून टॅक्सीवाल्याच्या हातावर ठेवल्यासुद्धा. शेजारच्या दोन बायका कठड्याला टेकून बघताहेत. मी म्हटलं, "जावईबापू, हे उसने." तर हसले. "असू द्या हो बाबा." वाईट नाही हसले. वाईट हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं...

आता पावती. टॅक्सीवाल्याकडे पावतीपुस्तक नाही, साधा कागद नाही. मग जन्मभर जे केलं तेच मी केलं. आम्ही सुतार माणसं कागदाच्या नादी लागत नाही. माप लाकडावर, हिशेब लाकडावर, गिऱ्हाइकाचा पत्तासुद्धा फळीवर. कानामागची चपटी पेन्सिल काढली, वरचा ड्रॉवर पालथा घातला आणि त्याच्या बुडावर लिहिलं: तारीख, कुठून कुठे, 'अठराशे चाळीस जावयाकडून पावले'. खाली टॅक्सीवाल्याची सही आणि गाडीचा नंबर. खणखणीत पावती! आणि मग तोच ड्रॉवर कपाटात बसवला. चारला पाच कमी असताना.

पुढच्याच आठवड्यात घरून पैसे घेऊन गेलो. जावई घेईनात! "बाबा, तुमच्या खिशातले मी घेणार नाही. रेल्वे देणार आहे ना? ते आले की द्या." गोड बोलून पाचर मारली बघा. म्हणजे रेल्वे देईपर्यंत मी देणेकरी. आणि देणेकरी माणूस त्याच घरात ताटावर कसा बसेल?

लेक म्हणाली, "बाबा, जेवून जा."

"फिटले की जेवेन."

"अहो, घर माझं आहे, सावकाराचं नाही!"

"तुझा नवरा सावकारच झालाय आता."

"तो? त्याला बाजारात कांद्याचा भाव करता येत नाही!"

मी चपला घातल्या.

मग सुरू झालं. ड्रॉवर ओढून काढायचा, चमचे, सुऱ्या, बुचं, मेणबत्त्या टेबलावर ओतायच्या, ड्रॉवर काखेत मारायचा, दोन बस बदलायच्या, रेल्वेचं ऑफिस, तिसरा मजला, खिडकी नऊ. खिडकीवरची बाई बघतच राहिली. "काका, फर्निचरचं खालच्या मजल्यावर."

"फर्निचर नाही. पावती आहे."

"कुठंय?"

मी पालथा केला. तिने मान वाकडी करून वाचलं. "पण काका, याला टाचणी कशी मारू मी?"

"खिळा देतो."

हसली नाही. म्हणे, फोटो काढून आणा. लेकीने फोटो काढून दिला, तो नेला. तर म्हणे, फोटो चालत नाही, मूळ प्रत जोडा. मूळ प्रत म्हणजे काय? ड्रॉवरच की! मी म्हटलं, बरं. पुन्हा चमचे टेबलावर, पुन्हा दोन बस. या वेळी त्यांनी ड्रॉवरच्या अंगावर 'आवक' असा शिक्का मारला, निळ्या शाईचा, माझ्या पॉलिशवर! आणि ठेवूनच घेतला. किती दिवस? "दोन-तीन आठवडे, काका." ठेवला तीन महिने. लेकीच्या कपाटाला समोरच भोक, पुढचा दात पडल्यासारखं. आणि घरी आमची ही रोज विचारणार, "अहो, बसभाड्याला किती गेले ते लिहिलंत का एखाद्या फळीवर?" नाही लिहिलं. लिहिणारही नाही.

मेमध्ये चौकशीला गेलो. बघतो तर माझा ड्रॉवर बाईंच्या टेबलाशेजारी, आत शिक्के, दोऱ्याची रिळं, बिस्किटाचा पुडा आणि एक अर्धवट विणलेला मोजा! मी म्हटलं, "बाई, ही पावती आहे."

"हो ना काका, जपून ठेवलीय! आणि काम काय सुबक आहे हो, आमच्या ड्रॉवरांना हे कोपरे बघून लाज वाटेल."

आता सांगा, काय बोलणार? हाताच्या कामाला कोणी चांगलं म्हटलं की रागाची धारच जाते. तिने बिस्कीट पुढे केलं. मी म्हटलं, बरं.

जुलैत मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. जाड भिंगांचा चष्मा, सावकाश बोलणं, टेबलावर नियमांचं पुस्तक. त्यांनी ड्रॉवर रिकामा करवला, पालथा घातला आणि वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. "जावयाकडून... पावले. म्हणजे पैसे जावयांनी भरले?" आणि नियमांचं पुस्तक उघडलं. "नाही, नियम असा आहे, की ज्याने भरले त्यालाच परतावा, त्याच्या खात्यात. तुम्ही भरले असतील तर तुम्हाला रोख देतो, आत्ता, हे बघा." आणि खरंच गल्ला उघडला की! नोटा दिसत होत्या मला. "तुम्ही भरले का?"

साहेबांच्या मागे बाई उभी. डोळ्यांनी खुणावतेय, हो म्हणा. मग राहवेना तर कुजबुजलीच, "काका, पेन्सिलीचं तर आहे... खोडा तेवढा एक शब्द!"

खोडायचं कशाला? माझ्या हातचा एक रंधा फिरला असता तर तो जावई छिलक्यात निघून गेला असता, लाकडालासुद्धा कळलं नसतं. सहा महिने मी कशासाठी जिने चढत होतो? त्या नोटा माझ्या हाताने जावयाच्या हातावर ठेवायच्या, त्यांच्याच दारात, त्या दोन बायका कठड्याला असताना. बाकी काही नको होतं मला. आणि त्या नोटा हातभर अंतरावर होत्या... पण लिहिलं कोणी? मीच. खोटं लिहिलं होतं का? नाही.

मी म्हटलं, "नाही. जावयांनी भरले."

बाईने कपाळाला हात लावला. साहेबांनी गल्ला बंद केला, फॉर्म पुढे सरकवला. लेकीला फोन करून जावयाचा खाते क्रमांक विचारला, लिहिला, खाली सही केली. ड्रॉवर परत दिला त्यांनी. दुसऱ्या अंगाला 'जावक' शिक्का मारून.

सप्टेंबरात, एका सकाळी, फोन वाजला. जावई. "बाबा, रेल्वेचे पैसे आले. खात्यात जमा झाले."

"पुरते?"

"पुरते. अठराशे चाळीस."

"फिटले?"

"फिटले, बाबा."

मी फोन ठेवला आणि हिला सांगितलं, आज माझं जेवण लेकीकडे.